पसाऱ्याचा थांग

गाण्याचा अर्थ शुक्रवारी जाहीर होणार होता, आणि केतकीने बुधवारपासूनच घरातली स्वच्छ भांडी पुन्हा घासायला काढली होती. हेरंबने विचारलं, हे काय चाललंय? ती म्हणाली, वास येतोय. कसला वास आणि कसलं काय! हातांना काम नसलं की ते फोनकडे जायचे, आणि फोनमध्ये तर जो तो ‘पसारा’चा थांग कधी लागतो याची वाट बघत बसला होता.

‘पसारा’ हे ‘गतिरोधक’ बँडचं नऊ वर्षांपूर्वीचं गाणं. गतिरोधक म्हणजे मुळात दोन मैत्रिणी. शब्द, चाल, गिटार आणि गळा केतकीचा. बास गिटार मिरजेच्या झरीन सतारमेकरची. ध्वनिमुद्रण हेरंबचं, जो पुढे केतकीचा नवरा झाला. ड्रमर किती आले नि किती गेले, त्यांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. गाणं तसं साधंच होतं.

*तुझ्या जागेवर पसारा ठेवलाय मुद्दाम,*
*कुणी बसू नये म्हणून.*
*विचारलं तर सांगते, आवरायचं राहिलंय.*

एवढ्या तीन ओळींवर महाराष्ट्रातल्या तरण्याताठ्या मंडळींनी काय काय रचलं, ते विचारू नका. कुणी म्हणालं हे मेलेल्या आईबद्दल आहे, कुणी म्हणालं सरकारी खात्यांतल्या रिकाम्या जागांबद्दल आहे. लातूरच्या एका दंतवैद्याने तर लांबलचक लेख लिहून हे काढलेल्या अक्कलदाढेचं गाणं असल्याचं सिद्ध केलं होतं, आणि गंमत म्हणजे तो लेख वाचताना पटायचासुद्धा. मुलाखतीत कुणी विचारलं की केतकीचं उत्तर ठरलेलं: तुम्हाला वाटतो तोच अर्थ. लोकांना हा तिचा नम्रपणा वाटे. नम्रपणा कसला, सोय होती ती.

कारण अर्थ तिला पक्का ठाऊक होता. झरीनच्या अब्बांचे हात थरथरायला लागले, त्यांच्या वाद्यांच्या कारखान्यात अर्ध्यावर राहिलेले तानपुरे पडून होते, म्हणून झरीन एका सकाळी बास गिटार पाठीला लावून पुण्याहून मिरजेला निघून गेली. भांडण नाही, तंटा नाही. महिन्याभरात येते गं, म्हणाली. तो महिना काही संपला नाही. तिच्या घरची अडचण, आपण कशाला तगादा लावायचा, म्हणून केतकीने एकदाही ‘ये’ म्हटलं नाही. तालमीच्या खोलीत झरीन उभी राहायची त्या कोपऱ्यात मात्र तिने वायरींची भेंडोळी, मोडके स्टँड, रिकामी खोकी रचून ठेवली. दुसरा कुणी बासवाला आला तर तो दाराशी उभा राहून वाजवायचा. मग एक दिवस तिने त्या कोपऱ्यावर गाणं लिहिलं.

आणि हेरंबला हे गाणं आपलं वाटतं, अशी केतकीची समजूत होती. त्या वर्षी तो मस्कतला नोकरीला होता. पलंगाची त्याची बाजू, त्यावर तिची पुस्तकं नि कपडे, हे त्याने स्वतः व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं. तो परत आला आणि त्यानेच ते गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्याने कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. नऊ वर्षांचा संसार अशा एका न विचारलेल्या प्रश्नाला वळसा घालून सुखाने चालला होता. थांग आला, आणि तो वळसाच बंद व्हायची वेळ आली.

हा थांग काय प्रकार आहे, ते एकदा नीट सांगायला हवं. बाहेरच्या खोलीत कुणीतरी फोन उचलतं आणि ‘हां, बोल’ म्हणतं. तेवढ्यावरून आतल्या माणसाला कळतं की पलीकडे मावशी आहे, साहेब आहे की आणखी कुणी. माणूस प्रत्येकाशी वेगळ्या आवाजात बोलतो. श्वास कुठे घेतो, शब्दाचा शेवट सोडून देतो की धरून ठेवतो, कुठला स्वर मोकळा करतो, हे समोरच्यागणिक बदलतं, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आता गाण्यात सूर ठरलेला असतो, ठेका ठरलेला असतो. पण कुठलाच गळा त्यावर तंतोतंत बसत नाही; केसभर खाली, केसभर उशिरा असं चालतंच. पूर्वी याला लकब म्हणत आणि सोडून देत. थांगवाल्यांनी गाण्यातून सूर आणि ठेका वजा केला, आणि जी शिल्लक उरली ती त्याच गायकाच्या फोनवरच्या बोलण्याशी ताडून पाहिली. शिल्लक आईशी बोलण्यासारखी निघाली तर गाणं आईचं. हिशोब सरळ होता. गाण्यातले शब्द खोटं बोलू शकतात, शिल्लक बोलू शकत नाही, अशी त्यांची जाहिरात होती.

दोन वर्षांत असं झालं की थांग नसलेलं गाणं लोक ऐकेनात. लपवतोय काय हा, म्हणायचे. थांगापायी नागपूरच्या एका गायकाचा घटस्फोट झाला, नाशिकच्या एका पोरीचं लग्न जमलं. अर्थावरून पहाटेपर्यंत भांडणाऱ्या रसिकांच्या गटांत आता कुणी फिरकत नव्हतं. उत्तर खाली छापलेलं असताना डोकं कोण चालवणार? नवा अल्बम यायचा तर जुन्या सगळ्या गाण्यांना थांग लावून घ्या, असं वितरकाने बजावलं, आणि केतकीने नाइलाजाने सही करून आपल्या फोनवरच्या बोलण्याची मुद्रणं त्यांच्या स्वाधीन केली.

शुक्रवारी सकाळी ती गच्चीत कपडे वाळत घालत होती. एकच चादर तिने तीनदा झटकली. हेरंब जिन्यातून वर आला तो फोन हातात धरून, आणि त्याचा चेहरा बघून तिला वाटलं, झालं, संपलं.

त्याने फोन तिच्यासमोर धरला. ‘पसारा’च्या ओळींखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: उद्देशून — पती, हेरंब. खात्री त्र्याण्णव टक्के.

केतकीने ते दोनदा वाचलं. हेरंब तिथेच टाकीच्या कठड्यावर बसला, त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिला.

“मला नेहमी वाटायचं, हे झरीनचं असणार,” तो म्हणाला. “विचारायची हिंमत झाली नाही. नऊ वर्षं मी ते मिक्स करतोय, दर वेळी वाटायचं, आपण दुसऱ्याचं पत्र उघडून वाचतोय.”

आता अशा वेळी बायकोने काय बोलावं? केतकीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सुटले, असं तिला आधी वाटलं. मग त्या सुटण्याची लाज वाटली. आणि लाजेच्याही मागून राग आला, त्या यंत्राचा, स्वतःचा, कुणाचा ते धड कळेना. माझं गाणं, मी लिहिलेलं, आणि मलाच सांगताय कुणाचं ते?

दुपारपर्यंत फोनचा नुसता पाऊस पडला. सासूबाईंनी साताऱ्याहून फोन करून लेकाचं भाग्य वाखाणलं. अक्कलदाढवाल्या दंतवैद्याने माफी मागितली, ते वाचून केतकीला अगदीच वाईट वाटलं. झरीनचा मात्र निरोप नाही, काही नाही. केतकी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून गॅलरीत अशा येरझाऱ्या घालत राहिली, आणि शेवटी न राहवून तिनेच मिरजेला फोन लावला.

झरीन छान बोलली. फारच छान बोलली, तिथेच केतकीला खटकलं. अब्बा बरे आहेत, कारखाना आता धाकटा भाऊ बघतो, या वर्षी तानपुऱ्यांचे भोपळे चांगले आले, असं सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली की हेरंबला माझ्याकडून मुबारक सांग. आणि मग बोलता बोलता, जशी काही भाजी आणायला जातेय अशा सुरात, जर्मनीचं सांगितलं. तिकडच्या एका वाद्यसंग्रहालयात तंतुवाद्यं दुरुस्त करायचं काम आलंय, चार वर्षांचं. कधीपासून विचारतायत, मी टोलवत होते. उगाचच गं, दुसरा एक विचार होता डोक्यात. आता सोमवारी होकार कळवते.

दुसरा विचार कुठला, हे केतकीने विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. कारखान्यातून मोकळी झालेली झरीन पुण्याला यायच्या तयारीत होती. आपली जागा राखून ठेवलीय, हे तिला त्या गाण्यातून कळलेलं होतं, आणि तेवढ्यावर ती इतकी वर्षं तग धरून होती. आज सकाळी एका यंत्राने तिला सांगितलं, बाई, ती जागा तुझी नव्हेच.

केतकीने थांगवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. बरीच बटणं दाबल्यावर एक शांत आवाजाचा तरुण भेटला. तिने त्याला सुनावलं की तुमचं यंत्र चुकलंय. तो अजिबात रागावला नाही. त्याने तिची फाइल उघडली आणि विचारलं, मॅडम, गाताना समोर कोण असतं?

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. केतकीला भिंतीकडे बघून गाता येत नसे. काचेपलीकडे हेरंब बसायचा. शिवाय त्यांची एक पद्धत होती: मुद्रण सुरू करण्याआधी हेरंब तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये काहीतरी घरगुती विचारायचा. संध्याकाळी पिठलं करायचं की खिचडी? वाण्याकडून काय आणू? ती उत्तर द्यायची, हसायची, गळा सैल व्हायचा, आणि त्या सैल गळ्यानेच पहिली ओळ निघायची. प्रत्येक गाण्याला हेच. गतिरोधकच्या आवाजात जो आपलेपणा आहे म्हणतात, तो त्या पिठल्याखिचडीतून आलेला होता. आणि त्याची शिल्लक ताडून बघितली तर नवऱ्याखेरीज दुसरं निघणार तरी कोण?

तो तरुण म्हणाला की गाणं कुणाकडे बघून गायलं, तेवढंच आम्हाला कळतं. कुणासाठी लिहिलं, ते आम्हाला कसं कळणार? केतकी म्हणाली, मग तसं छापा ना! त्यावर तो म्हणाला, एवढं सगळं वाचायला लोकांना वेळ नसतो, मॅडम. आणि त्याने तिला शुभ दिवस चिंतला.

शनिवारी सकाळी ती मिरजेला जायला निघाली, तर हेरंब आधीच गाडीची किल्ली घेऊन दारात. एकटीने कशाला, मीही येतो, झरीनला किती वर्षांत भेटलो नाही. त्याने सोबत लहान रेकॉर्डरही घेतला. मिरजेतल्या कारखान्याचे आवाज अल्बमला वापरता येतील, म्हणाला. कालपासून तो असा काही आनंदात होता, की चालताना शीळ घालत होता. नको म्हणायला तिला तोंडच राहिलं नाही.

महामार्गावर गाडी आपली आपण चालत होती. हेरंबचे हात मोकळे, त्यामुळे तो सारखा बोलत होता. साताऱ्यापर्यंत केतकीने हूं हूं केलं. काच खाली केली, वर केली, सीट मागे घेतली, पुढे घेतली. कऱ्हाडच्या अलीकडे तिला ते सहन होईना.

“हेरंब, लिहिलं तेव्हा ती झरीन होती,” ती म्हणाली. “गायलं तुझ्याकडे बघून. लिहिलं तिच्यासाठी.”

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. मग तिने सगळंच सांगून टाकलं, पिठलंखिचडीचं, जर्मनीचं, सोमवारचं. हेरंबने गाडी स्वतःच्या हातात घेतली, एका टपरीपाशी थांबवली आणि खाली उतरला. दोन चहा सांगितले. स्वतःचा प्याला तसाच हातात धरून रस्त्याकडे बघत राहिला. त्याला वाईट वाटलं होतं, आणि ते लपवायची कला त्याला कधीच आली नव्हती. एक दिवस मिळालं होतं ते गाणं त्याला, एकच दिवस.

“कालच्या कालच सांगायचंस ना,” तो म्हणाला. “मी आईला फोन करून सांगितलं गं.”

केतकीला रडू फुटलं. चहावाल्याने न विचारता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. थोड्या वेळाने हेरंब म्हणाला, चल, उशीर होतोय. परत फिरायचं का, असं तिने विचारलं. तो गाडीत जाऊन बसला आणि त्याने मिरजेच्या दिशेने गाडी सुरू केली.

सतारमेकरांचा कारखाना म्हणजे गल्लीतलं लांबट घर. पुढच्या खोलीत वाळलेले भोपळे छताला टांगलेले, लाखेच्या पॉलिशचा वास, भिंतीला टेकून उभे बिनतारांचे तानपुरे. झरीन जमिनीवर बसून एका भोपळ्याचा आतला गर खरवडून काढत होती. केसांत धूळ, कपाळावर चष्मा. दोघांना बघून ती उठली, केतकीला मिठी मारली, हेरंबची थट्टा केली की आलात का जावईबापू, आता तुमची ओळख छापून आलीय. हेरंब हसला कसाबसा आणि रेकॉर्डर काढून दारापाशी स्टुलावर बसला.

केतकीने रस्ताभर ठरवलं होतं, तिथे गेल्यावर काय करायचं ते. ‘पसारा’ गायचं. झरीनकडे बघून, समोर बसून, पुन्हा पहिल्यापासून. मग यंत्राने काय मोजायचं ते मोजावं, आणि झरीनने काय ऐकायचं ते ऐकावं. भिंतीला टेकलेली एक गिटार तिने उचलली, खाली बसली आणि पहिली ओळ सुरू केली. आवाज बरा लागला. दुसरी ओळ अर्धी झाली असेल, तेव्हा झरीनने हात पुढे करून तारांवर ठेवला. तारा बंद.

“गाऊ नको,” ती म्हणाली. “नऊ वर्षं तू मला हे गाण्यात सांगतेयस. गाण्यात काय, मी मला हवं ते ऐकलं. हेरंबने त्याला हवं ते ऐकलं. त्या दंतवाल्याने त्याचा दात ऐकला. आता बोल.”

केतकीने तोंड उघडलं आणि ती भलतंच काही बोलत सुटली. म्हणे भोपळे छान आलेत. म्हणे अब्बा कुठेत, औषधं वेळेवर घेतात ना. झरीन नुसती बघत राहिली, तिची सुटका काही तिने केली नाही. हजारो लोकांसमोर गाणारी बाई, चार साधे शब्द जुळवताना तिला घाम फुटला. तिची नजर दाराकडे गेली. काचेपलीकडे बसायचा तसाच हेरंब तिथे बसलेला होता. रेकॉर्डरचा लाल दिवा लागलेला होता. तिने त्याच्यावरून नजर काढली आणि झरीनकडे वळली.

“जाऊ नको,” ती म्हणाली. “पुण्याला ये. मला तू बँडमध्ये हवीयस. तेव्हाच म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही.”

आवाज फुटला तिचा, बेसूर झाला. शेवटचे शब्द तर नीट बाहेरही पडले नाहीत. पण हेरंबचा जन्म आवाज ऐकण्यात गेलेला. हा आवाज त्याने नऊ वर्षांत काचेपलीकडून कधीच ऐकला नव्हता, घरात ऐकला नव्हता, चुकूनसुद्धा नाही. त्याने रेकॉर्डर बंद केला, आत्ताचं मुद्रण पुसून टाकलं आणि यंत्र खिशात ठेवलं. मग आपण ऐकलंय हे दोघींना कळू नये म्हणून उगाच टांगलेल्या भोपळ्यांकडे बघत बसला.

झरीनने हातांवरची भोपळ्याची धूळ झटकली. मग उठून हात धुऊन आली आणि म्हणाली, जेवायला बसा, अम्मीने खिमा केलाय. आतल्या खोलीत तिने तिघांची ताटं वाढली. भाकरी मोडली, खाल्ली, दुसरी घेतली. अम्मी आल्या, केतकी वाळली म्हणून हळहळून गेल्या. जर्मनीचं कुणी बोलेना, पुण्याचंही कुणी बोलेना. केतकी ताटातली भाकरी नुसती मोडत राहिली.

“तुमच्या नव्या अल्बमला बास कोण वाजवतंय?” झरीनने विचारलं. विचारलं ते हेरंबला.

आता खरी गोष्ट अशी, की सांगलीचा एक गुणी पोरगा हेरंबनेच शोधून आणला होता. तीन गाणी त्याची वाजवूनही झाली होती, आणि काय सुरेख वाजवली होती म्हणून हेरंब महिनाभर त्याचं कौतुक सांगत फिरत होता. केतकीने श्वास रोखला. हेरंब खोटं बोलत नाही. त्याला जमतच नाही, कान लाल होतात त्याचे.

त्याने हातातला घास ताटात ठेवला.

“कुणीच नाही,” हेरंब म्हणाला. “जागा रिकामी आहे.”

त्याचे कान लाल झाले. बोलताना तो सरळ झरीनच्या डोळ्यांत बघत होता. वाक्य कुणासाठी होतं ते मात्र केतकीला लख्ख ऐकू आलं, आणि तिने मान खाली घालून भाकरीचा तुकडा तोंडात टाकला.

झरीनने हेरंबच्या कानांकडे बघितलं, मग केतकीकडे बघितलं. हात लांब करून तिने खिम्याचं पातेलं त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, “घ्या, संपवा. मग सोमवारचं बघू.”